जळगांवची 'काव्यरत्नावली'

ग्रंथाला घरांत फडताळ मिळतें, मासिकाला माळा मिळतो. ग्रंथ बांधलेला असतो, त्याच्या पाठीवर नांव असतें, आणि तो वाचला न गेला तरी दिवाणखान्याला शोभा देतो. मासिकाचा अंक महिनाभर हातोहात फिरतो, नवा अंक आला कीं मागें पडतो, आणि वर्ष उलटल्यावर बाराहि अंक सुतळीनें बांधून वर टाकले जातात. पुढील काम वाळवी आणि रद्दीवाला मिळून करितात. याचा परिणाम आपल्या वाङ्मयाच्या इतिहासावर झालेला दिसतो. कवींचीं चरित्रें आपण सविस्तर लिहितों. परंतु त्यांच्या कविता ज्यानें प्रथम हातीं घेतल्या, खिळे जुळवून छापविल्या व टपालांत टाकिल्या, त्या मासिकाच्या चालकाला एखादें वाक्य देऊन मोकळे होतों. जळगांवच्या 'काव्यरत्नावली'चें असेंच झालें आहे. तिचें नांव अभ्यासकांना पाठ असतें, तिच्याविषयीं विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. आज तो थोडासा करावा असें आम्हांस वाटतें. आणि तो करतांना, तिनें काय मिळविलें याबरोबरच तिच्या दाराबाहेर काय राहून गेलें हेंहि सांगावें, असा आमचा विचार आहे.

'काव्यरत्नावली' निघाली १८८७ सालीं. त्यापूर्वीं मराठींत कविता छापणारीं मासिकें नव्हतीं असें नाहीं. १८६० सालीं माधव चंद्रोबा डुकले यांनीं 'सर्वसंग्रह' काढून जुन्या कवींच्या पोथ्या छापण्यास प्रारंभ केला होता. १८७८ पासून पुण्यास 'काव्येतिहाससंग्रह' चालू होता, आणि काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासारखे विद्वान् त्यांतून बखरी, जुने कागद व जुनें काव्य शोधून लोकांपुढें मांडीत होते. पुढें १८९० सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें 'काव्यसंग्रह' सुरू केला. हें सर्व काम थोर होतें. मोरोपंत-वामनांची कविता आज आपल्याला सहज मिळते ती या लोकांच्या कष्टांमुळें. परंतु या उद्योगाच्या मुळाशीं एक समजूत होती. कविता म्हणजे पूर्वजांनीं पुरून ठेविलेली ठेव, आणि आपलें काम ती उकरून, झाडून-पुसून जपण्याचें. कवि म्हणजे जो होऊन गेला तो. जिवंत माणूस कविता करीत असेल तर त्यानें ती मित्रांना वाचून दाखवावी, फार तर पदरमोड करून एखादें लहानसें पुस्तक काढावें.

ही समजूत हलविण्याचें काम पुण्यामुंबईबाहेर, खानदेशांत सुरू व्हावें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनीं जळगांवीं 'काव्यरत्नावली' सुरू केली, आणि ती सर्वस्वीं कवितेला वाहिली. जळगांव तेव्हां जिल्ह्याचें ठाणेंहि नव्हतें. सबंध खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याची कचेरी धुळ्यास होती. १९०६ सालीं जिल्हा दुभागला तेव्हां जळगांव हें पूर्व खानदेशाचें मुख्य ठिकाण झालें. गांवाचा व्यापार कापसाचा. येथें ना महाविद्यालय, ना ग्रंथकारांचा मेळा. परंतु एक सोय होती. मुंबईहून भुसावळकडे जाणारी जी. आय. पी. रेल्वे गांवावरून गेली होती, आणि जेथें आगगाडी तेथें टपालाची पिशवी. ज्या रुळांवरून कापसाच्या गांठी मुंबईस जात, त्याच रुळांवरून कोंकणांतल्या आणि देशावरच्या कविता जळगांवांत येऊं लागल्या.

त्या काळच्या इतर नियतकालिकांकडे पाहिलें म्हणजे फडणीसांच्या निश्चयाचें मोल कळतें. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ पासून चालू होता. १८९० सालीं हरिभाऊ आपट्यांचें 'करमणूक' निघालें, १८९५ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्रांचें 'मासिक मनोरंजन' निघालें. त्यांनींहि नव्या कवींना आश्रय दिला, आणि तो उपकार विसरण्यासारखा नाहीं. परंतु त्यांच्यांत कविता ही पाहुणी होती. कादंबरीचें प्रकरण, निबंध, पुस्तकपरीक्षण यांचीं पानें लागल्यावर उरलेल्या जागेंत तिनें बसावयाचें. 'काव्यरत्नावली'त ती घरधनीण होती. एवढ्या फरकानें पुष्कळ कांहीं बदलतें. ज्या मासिकांत दुसरें कांहींच नाहीं त्याला दरमहा कविता पाहिजेच. आणि दरमहा कविता पाहिजे असली म्हणजे संपादकाला होऊन गेलेल्या कवींवर फार दिवस भागवितां येत नाहीं. त्याला पत्रें लिहावीं लागतात, आठवण द्यावी लागते, अनोळखी अक्षराचें पाकीट उघडून पाहावें लागतें. कवीलाहि ठाऊक असतें कीं, आपण लिहिलें तर तें मागणारा एक मनुष्य आहे. लहान मासिकाची वाढ आम्ही तिलाच म्हणतों. वर्गणीदारांच्या यादीपेक्षां, किती अनोळखी हातांना लिहिण्याचें धैर्य आलें यावरून ती मोजावी हें बरें.

या वाढीची एक खूण त्या काळच्या कवींच्या नांवांत सांपडते. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, काशिनाथ हरि मोडक 'माधवानुज' झाले, पुढें राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' झाले. एक वडिलांच्या नांवाआड उभा राहिला, दुसरा थोरल्या भावाच्या, तिसरा धाकट्या भावाच्या. कविता करणें ही तेव्हां कांहींशी संकोचाची गोष्ट होती. शाळेंत वा कचेरींत नोकरी करणारा गृहस्थ प्रेम, निराशा आणि बंड यांविषयीं 'मी' म्हणून बोलूं लागला, तर त्याला आडोसा पाहिजे होता. टोपणनांवानें तो आडोसा दिला, आणि मासिकानें त्या टोपणनांवाला पत्ता दिला. पानावर एकाखालीं एक येतां येतां हीं नांवें एकमेकांना ओळखूं लागलीं. मालगुंडचा शाळामास्तर, धुळ्याचा तरुण, नगरचा पाद्री हे एका छपराखालीं आले ते असे.

केशवसुतांचेंच उदाहरण घेऊं. ते १८६६ सालीं जन्मले. म्हणजे 'काव्यरत्नावली' निघाली तेव्हां त्यांचें वय एकवीस वर्षांचें. पुढील आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. पगार बेताचा, प्रपंच ओढगस्तीचा. मुंबईंत प्लेगचा कहर झाल्यावर ते खानदेशांत आले, आणि भडगांव व फैजपूर येथें त्यांचीं कांहीं वर्षें गेलीं. तेथून ते धारवाडास गेले, आणि ज्या प्लेगपासून ते एकदां दूर आले होते त्यानेंच १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळीस त्यांना गांठलें. वय उणेंपुरें एकोणचाळीस. इंग्रजी सॉनेटच्या घाटाची चौदा ओळींची रचना त्यांनीं १८९२ सालीं मराठींत आणिली. कवीच्या स्वतःच्या मनाला कवितेचा विषय होण्याचा अधिकार मिळवून दिला. रूढीवर आणि जातिभेदावर कोरडे ओढले. आज त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणण्यांत दोन मतें राहिलीं नाहींत. परंतु त्यांच्या हयातींत त्यांचा एकहि संग्रह निघाला नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीनें 'केशवसुतांची कविता' पुस्तकरूपानें आली ती १९१७ सालीं, कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनीं. तोंपर्यंत ही कविता वाचकांना कोठें भेटत होती? 'काव्यरत्नावली', 'करमणूक', 'मनोरंजन' यांच्या सुट्या अंकांत. दुसरें घर तिला नव्हतें.

केशवसुतांचे शेजारी पाहावे तर त्यांचे स्वभाव किती निराळे! विनायक जनार्दन करंदीकर, ज्यांना आपण नुसतें 'विनायक' म्हणून ओळखतों, ते मूळचे धुळ्याचे. इतिहासांतले वीर आणि वीरांगना यांच्या कथांनीं त्यांची कविता भारलेली आहे. १९०९ सालीं, चाळिशीहि न गांठतां, ते वारले. माधवानुजांचा स्वर घरगुती आणि मृदु. नारायण वामन टिळकांची कविता फुलांची, मुलांची आणि भक्तीची. या चौघांच्या कविता एकत्र ठेवून त्यांतून एखादा पंथ काढूं म्हटलें तर निघत नाहीं. 'काव्यरत्नावली'च्या नांवावर कोणताहि पंथ जमा नाहीं, आणि आमच्या मतें हेंच तिचें मोठेपण. पंथ काढणारा संपादक स्वतःच्या रुचीची राखण करितो. जागा देणारा संपादक दुसऱ्याच्या प्रतिभेची वाट पाहतो. पहिल्याचें नांव होतें. दुसऱ्याच्या घरीं कवि येतात.

ते खरोखरच आले, तें १९०७ सालीं. त्या वर्षीं जळगांवांत पहिलें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. टपालानें जमलेलें कुटुंब एका मांडवांत बसलें म्हणावयाचें. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, लष्करांतले वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा व बसू यांचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांच्या पश्चात् १९१८ सालीं निघाला. रेव्हरंड टिळक आले होते. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यापासून त्यांच्याशीं अन्नव्यवहार ठेवणें ही सनातनी घरांना अशक्य गोष्ट होती; कवितेच्या पंगतींत मात्र त्यांचें पान मांडलेलें होतें. त्या मांडवांत सतरा वर्षांचा एक मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. तो धरणगांवीं जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे. वडील पोलीस खात्यांत, बदलीची नोकरी, म्हणून लहानपण खानदेशांतल्या गांवोगांवीं गेलेलें. अध्यक्षांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली, आणि पुढें महाराष्ट्र त्याचें खरें नांव जवळजवळ विसरला. टिळकांनीं त्याला आपलें म्हटलें. नगरास त्यांच्या घरीं तो कांहीं काळ राहिला, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त त्या हळव्या पोराचें जें चित्र उतरलें आहे, तें वाचणाऱ्याच्या मनांतून जात नाहीं.

हा आनंद फार दिवस टिकला नाहीं. १९१८ च्या मे महिन्यांत, जळगांवाहून भुसावळकडे जातांना लागणाऱ्या भादली स्टेशनाजवळ, बालकवि आगगाडीखालीं सांपडले. त्यांचें अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें. ज्या रुळांनीं कवींना जळगांवास आणिलें त्याच रुळांवर त्यांच्यांतला सर्वांत कोवळा कवि गेला. पुढच्या वर्षीं जानेवारींत गडकरी गेले, मे महिन्यांत टिळक गेले. केशवसुत आणि विनायक आधींच गेलेले. बालकवींच्या कवितांचा संग्रह त्यांच्या हयातींत झाला नाहीं. गोविंदाग्रजांची 'वाग्वैजयंती' १९२१ सालीं, ते गेल्यावर दोन वर्षांनीं निघाली. एका पिढीचे बहुतेक कवि आपलें पुस्तक हातांत न धरतां गेले. अशा वेळीं मासिकांच्या जुन्या फायली म्हणजे त्या पिढीचें मृत्युपत्र ठरतें. पुढें ज्यांनीं संग्रह जुळविले ते माळ्यावर चढले, आणि सुतळीनें बांधलेले गठ्ठे त्यांनीं खालीं उतरविले.

'काव्यरत्नावली' सुमारें अर्धशतक चालली. एवढ्या काळांत तिनें जें छापलें तें सर्व रत्न होतें असें तिचा कैवारीहि म्हणणार नाहीं. तिच्यांतल्या पुष्कळ नांवांना आज कोणी ओळखीत नाहीं. वृत्तांत बसविलेला उपदेश, ऋतुवर्णनाचे ठरीव सांचे, मित्राच्या निधनावरचे विलाप यांची त्या काळीं रेलचेल होती, आणि ती कोणत्याहि मासिकाला चुकली नाहीं. यावरून कोणी संपादकाची रुचि सामान्य ठरवील, तर त्याला आमचें एवढेंच सांगणें आहे. शेतकरी पेरतांना कोणता दाणा रुजेल हें पाहून पेरीत नाहीं. ज्याला फक्त रुजणारेच दाणे पेरावयाचे आहेत त्याचें शेत पडीक राहतें. केशवसुतांची कविता ज्या अंकांत आली त्याच अंकांत कोणा विसरलेल्या गृहस्थाचे श्लोक आले, म्हणून केशवसुतांचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु त्या गृहस्थाला जागा देण्याइतकें दार उघडें नसतें, तर एकवीस वर्षांच्या अप्रसिद्ध दामल्यालाहि तें बंदच दिसलें असतें.

येथें लेख संपविला असता तर तो एका चांगल्या उपकारस्मरणासारखा झाला असता. परंतु आज जळगांव आणि कविता हे दोन शब्द एकत्र उच्चारले म्हणजे मराठी वाचकाच्या मनांत जें नांव प्रथम उभें राहतें, तें 'काव्यरत्नावली'चें नाहीं आणि तिच्या कोणा कवीचेंहि नाहीं. तें नांव बहिणाबाई चौधरी यांचें आहे.

बहिणाबाईंचा जन्म जळगांवाजवळच्या असोदें या गांवीं १८८० सालीं झाला. तेराव्या वर्षीं लग्न होऊन त्या जळगांवच्या चौधरींच्या घरांत आल्या. 'काव्यरत्नावली' तेव्हां सहाएक वर्षांची झाली होती. तिशीच्या सुमारास वैधव्य आलें. मुलांचा आणि शेताचा भार त्यांच्यावर पडला. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. परंतु जात्यावर बसल्या कीं गाणें, शेताच्या बांधावर गाणें, चुलीपुढें गाणें, सणावारीं गाणें, अशी ओवीच्या चालीवरची रचना त्या आपल्या लेवा बोलींत करीत राहिल्या. पेरणी, मळणी, सुगरणीचा खोपा, सासर-माहेर, माणसाच्या मनाचा चंचलपणा, हे त्यांचे विषय. मासिक निघत होतें त्या सबंध काळांत, म्हणजे लग्नापासून चाळिशी-पन्नाशी उलटेपर्यंत, ही बाई त्याच गांवांत राहत होती आणि गात होती. १९०७ सालीं कविसंमेलनाचा मांडव पडला तेव्हां त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. महाराष्ट्रांतले कवि दूरदूरच्या गांवांहून गाडीनें आले. त्याच गांवांत जात्यापाशीं बसलेली कवयित्री कोणाला ठाऊक नव्हती, आणि आपल्याला कोणी कवयित्री म्हणेल हें तिलाहि ठाऊक नव्हतें.

त्यांच्या गाण्यांत एक गाणें छापखान्यावर आहे. तें आम्हीं या विषयाच्या संदर्भांत पुन्हां वाचलें तेव्हां चपापलों. कोरा कागद यंत्रांत जातो, त्यावर अक्षरें उठतात, आणि कागद शहाणा होऊन बाहेर येतो. माणूस मात्र होता तसाच वेडा राहतो, असा त्याचा आशय आहे. अक्षरांच्या राज्याकडे बाहेरून पाहणाऱ्या स्त्रीनें हें ओळखावें, आणि आंत बसलेल्या आम्हां लेखक-संपादकांना तें सुचूं नये, यांत मौज आहे आणि खेदहि आहे. छापण्याच्या उद्योगावर याहून नेमकी टीका आमच्या वाचनांत नाहीं.

मग फडणीसांना दोष द्यावा काय? तसें करणें अन्यायाचें होईल. त्यांचें दार उघडें होतें, परंतु तें टपालाचें दार होतें. त्यांतून येणाऱ्याला शाई, कागद, तिकीट आणि पोथीची मराठी इतकीं साधनें लागत. जातें टपालांत टाकतां येत नाहीं. 'काव्यरत्नावली'नें जिवंत माणूस कवि असूं शकतो हें मराठी वाचकाला पटविलें. जिवंत स्त्री, निरक्षर, नांगराच्या घरांतली, बोलीभाषा बोलणारी, हीहि कवि असूं शकते हें पटण्यास आणखी एक पिढी जावी लागली. पहिली पायरी चढल्यावांचून दुसरी चढतां आली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

ती दुसरी पायरी घरांतच बांधली गेली. बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव यांचा जन्म १९०७ चा, म्हणजे कविसंमेलनाच्या वर्षाचाच. ते शिकले, स्वतः कवि झाले, आणि आईच्या तोंडून निघालेलीं गाणीं त्यांनीं आणि एका आप्तानें उतरून ठेविलीं. १९५१ च्या डिसेंबरांत बहिणाबाई वारल्या. ती वही पुढें आचार्य अत्रे यांच्या पाहण्यांत आली, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' १९५२ सालीं प्रसिद्ध झालीं. केशवसुतांप्रमाणेंच त्यांनींहि आपलें पुस्तक पाहिलें नाहीं. फरक इतकाच कीं, केशवसुतांची कविता मासिकांच्या गठ्ठ्यांतून परत मिळविण्यासारखी होती. बहिणाबाईंचीं जीं गाणीं कोणी उतरून घेतलीं नाहींत तीं दळणाबरोबर संपलीं, आणि त्यांचा माळा कोठेंहि नाहीं. २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव दिलें गेलें. ज्या बाईला पाटी मिळाली नाहीं तिचें नांव आतां हजारों पदव्यांवर छापलें जातें. छापलेल्या कागदाविषयींचें त्यांचें मत लक्षांत घेतां, या योगायोगाकडे त्यांनीं कोणत्या नजरेनें पाहिलें असतें, तें वाचकांनीं आपल्याशीं ठरवावें.

आज लहान मासिकें काढणाऱ्यांना पैशाची विवंचना असते, वर्गणीदार टिकत नाहींत, अंक वेळेवर निघत नाहीं. हीं दुःखें फडणीसांच्या काळापासून चालत आलेलीं आहेत आणि पुढेंहि चालतील. त्यांवर आमच्याजवळ तोडगा नाहीं. परंतु जळगांवच्या या एका उदाहरणावरून संपादकानें स्वतःला दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. पहिला प्रश्न असा कीं, अनोळखी अक्षराचें पाकीट आपण उघडतों काय? याचें उत्तर 'काव्यरत्नावली'नें आपल्या परीनें दिलें, आणि त्या उत्तरावर एक काव्ययुग उभें राहिलें. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: ज्याच्याजवळ पाकीटच नाहीं त्याचा आवाज ऐकण्यासाठीं आपण कधीं कचेरीच्या पायऱ्या उतरून शेजारच्या आळींत जातों काय? पहिल्या प्रश्नासाठीं चांगला संपादक पुरतो. दुसऱ्यासाठीं, पहांटे दळणाचा आवाज आला असतां क्षणभर थांबून कान देणारा माणूस लागतो.